अडीनडीची पिशवी

गिर्यारोहक संघाच्या यंदाच्या स्मरणिकेत माझ्या भावोजींवर चार पाने छापून आली आहेत. त्यांत त्यांचे धैर्य आहे, शिस्त आहे, दाढी आहे. आणि मोडलेल्या पायाने त्यांनी कड्यावर काढलेला दिवस तर इतक्या रसाळपणे वर्णिला आहे की, लेखक त्या दिवशी तेथे हजर होता असे कोणालाही वाटावे. लेखक तेथे नव्हता. मी होतो. त्या चार पानांत माझ्या बहिणीच्या वाट्याला अर्धे वाक्य आले आहे: ‘सोबत असलेल्या पत्नीनेही यथाशक्ती मदत केली.’ संपादकांना मी दोनदा लिहिले. उत्तर देण्याइतकी सभ्यता त्यांच्याकडे नसावी. तेव्हा त्या अर्ध्या वाक्याचा उरलेला भाग मला येथे लिहिणे भाग आहे.

माझी ताई तंबू आणि ताडपत्र्या शिवण्याच्या कारखान्यात काम करते. लांबट खोली, उंचावर काजळलेल्या काचा, भिंतीलगत जाड कापडाची मशीने आणि मेण चोळलेल्या कॅनव्हासचा असा उग्र वास, की तो ताईच्या केसांतून कधीच पुरता जात नाही. लहानपणी ती अतिशय आवाजी मुलगी होती. आमच्या आळीत भांडण सुरू झाले की समजूत घालायला मोठी माणसे जात आणि भांडण वाढवायला ताई. लग्नानंतर तिचा आवाज कमी होत गेला आणि हात मात्र जलद होत गेले. जाड दोऱ्याची शिवण ती न पाहता घालते. तिच्या डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वळलेली आहे. कापड सरकवताना ती एखाद्या खुंटीसारखी वेगळी उभी राहते. ती कशी वळली हे कारखान्यात सर्वांना ठाऊक होते आणि कोणीही विचारत नसे. शेजारच्या मशीनवरच्या वयस्क बाई, ज्यांना सगळे मावशी म्हणतात, त्या तेवढ्या बोलत.

“काय गं, आज परत दारावर आपटलीस?”

“हो ना.”

“तुझ्या घरातली दारं फार अंगावर येतात बाई. आमची आपली जागच्या जागी असतात.”

भावोजी वजनमापे तपासणारे निरीक्षक. दुकानादुकानांतून हिंडून तराजूंचा खोटेपणा पकडणे हे त्यांचे काम, आणि ते काम ते घरीही आणत. रविवारी ते संघाच्या मंडळींना डोंगरावर नेत. संघात त्यांना ‘कप्तान’ म्हणतात. त्यांच्या गळ्यात शिट्टी असे, कमरेला दोर असे आणि प्रत्येक मोहिमेत एक पिशवी बरोबर असे, जिला संघाच्या भाषेत ‘अडीनडीची पिशवी’ म्हणतात. कोणी पडले, कापले, चुकले, गारठले तर त्या वेळी लागेल ते सारे तिच्यात असायचे. ती पिशवी भरण्याचे काम लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ताईकडे होते.

काम भरण्यापुरते असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. शनिवारी दुपारी जेवणे झाली की भावोजी आरामखुर्चीत बसत, पिशवी मांडीवर घेत, डोळे मिटत आणि म्हणत, “पट्टी.” मग हात आत घालत. हाताला पट्टीच लागली पाहिजे. “काडेपेटी.” मेणकापडात गुंडाळलेली काडेपेटीच लागली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की कड्यावर, धुक्यात, रक्ताने डोळे भरलेले असताना माणसाला शोधाशोध करायला सवड नसते. या म्हणण्यात चूक काढता येत नाही. ती मी कधी काढलीही नाही. पण पट्टी मागितल्यावर हाताला मेणबत्ती लागली, की ते पिशवीतलीच पत्र्याची जाड विजेरी काढत आणि ताईला हात पुढे करायला सांगत. विजेरी पेरांवर बसे. करंगळी अशाच एका शनिवारी गेली. त्या दिवशी सुईदोऱ्याच्या जागी साबणाची वडी निघाली होती.

“मी मारत नाही,” भावोजी मला एकदा शांतपणे म्हणाले, “मी शिकवतो. डोंगर मारतो. डोंगराने मारण्याआधी मी शिकवतो, इतकंच.”

ताई शिकली. कारखान्यातल्या कापडाच्या कातरणांतून तिने पिशवीच्या आत कप्पे शिवले. पहिल्यात पट्ट्या आणि कापूस, दुसऱ्यात जंतुनाशकाची बाटली, तिसऱ्यात वेदनाशामक गोळ्यांची पत्र्याची डबी, चौथ्यात काडेपेटी, मेणबत्ती आणि साबण, पाचव्यात मीठ-साखरेच्या पुड्या आणि पाण्याची चपटी बाटली. तळाशी घडी घातलेली चकचकीत चादर, जी अंगाची ऊब धरून ठेवते, आणि पायाला बांधायच्या लाकडी पट्ट्या. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी तिने वेगळ्या आकाराची गाठ शिवली होती, म्हणजे बोटांना अंधारातही कप्पा ओळखता यावा. कोणत्याही न्यायी माणसाने येथे परीक्षा संपवली असती. भावोजींनी नवी काढली. ते दुपारच्या वेळी पिशवीतून एखादी वस्तू गुपचूप काढून ठेवत आणि संध्याकाळी ताईला पिशवी उचलायला लावत.

“काय कमी आहे? उघडायची नाही. उचलून सांग.”

“बघू तरी द्या...”

“तराजू कधी उघडून बघतो का आपण? हाताला कळलं पाहिजे.”

सुरुवातीला तिला कळत नसे. त्या दिवसांत तिच्या कानामागे नेहमी एक निळा वळ असे. पुढे कळू लागले. दोन बोटांवर पिशवी तोलून ती सांगे, “जंतुनाशक,” आणि ते बरोबर निघे. लोकांना ही गोष्ट सांगितली की लोक कौतुकाने मान हलवतात, म्हणून मी ती सहसा सांगत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी स्मरणिकेत येण्याची शक्यता नाही. डोंगरावर ती पिशवी क्वचित उघडली गेली. संघाची मंडळी फार तर टाच सोलून घेत. पिशवीतला कापूस, पट्ट्या आणि जंतुनाशक संपत ते घरात, ताईवर. शनिवारच्या आत ते पुन्हा भरावे लागत, आणि ते ती ज्या दुकानातून आणत असे, ते दुकान संघाच्या अध्यक्षांचेच होते. अध्यक्ष हसून म्हणत, “वहिनी, कप्तान एवढ्या लोकांना वाचवतात तरी कुठे? आमच्या कानावर तर काही येत नाही!” त्यांच्या कानावर बरेच काही येत होते. मी स्वतः घातले होते. ते म्हणाले, संघ सदस्यांच्या खासगी आयुष्यात लक्ष घालत नाही.

मी पोलीस ठाण्यातही गेलो. तेथील अंमलदारांनी माझे सारे ऐकून घेतले आणि चहा मागवला.

“त्यांनी आमचे दोन जवान दरीतून वर काढलेत, माहीत आहे ना?”

“काढले असतील. प्रश्न माझ्या बहिणीच्या बोटाचा आहे.”

“कुठल्या हाताचं?”

“डाव्या.”

“मग कामाला जाते ना ती? नाही म्हणजे, काम काही थांबलेलं नाही ना?”

आई तर म्हणाली, “डोंगरातली माणसं जरा कडकच असतात रे.” शेवटी एका शनिवारी मी भर दुपारी ताईच्या घरी गेलो, भावोजींच्या हातातली विजेरी हिसकावली आणि त्यांच्या अंगावर धावून गेलो. पुढचे लवकर आटोपले. त्यांनी मला कॉलरला धरून उंबऱ्यावर आपटले. माझा पुढचा दात तेथेच तुटून मोरीपर्यंत घरंगळत गेला. ताईने पिशवीतून कापूस काढून माझ्या तोंडात कोंबला आणि कानाशी म्हणाली, “तू जा रे. आता हा कापूस मला संध्याकाळच्या आत भरायचा आहे.” त्या दातामुळे आजही मला काही अक्षरे नीट उच्चारता येत नाहीत. शिकवण्याच्या पेशात ही गैरसोय लहान नाही.

हे सारे असेच चालले असते. ताईने त्याची सवय करून घेतली होती. माणूस कशाचीही सवय करून घेतो हे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, पण तिने करून घेतली होती हे खरे. तिची मुलगी, जिला आम्ही ठकी म्हणतो, सहावीत गेली, तेव्हा भावोजींनी जेवताना जाहीर केले की संघाच्या कौटुंबिक सहलीपासून पिशवी ठकी भरेल.

ताईने ताटातला हात तसाच ठेवला. “ती लहान आहे अजून.”

“लहान वयातच हात तयार होतो.”

“मी भरते की. मला काय जड आहे का?”

“तुला शिकायला किती वर्षं लागली, आठवतं ना? हिची तेवढी वाया घालवायची नाहीत मला.”

ठकी माझ्याकडे आली तेव्हा हसत होती. “मामा, बाबांनी मला पिशवी दिली!” बक्षीस मिळाल्यासारखे सांगत होती ती. शनिवारी ताई तिला नेहमी आमच्या आईकडे पाठवी, त्यामुळे त्या पिशवीचा खरा हिशेब तिला ठाऊक नव्हता. त्या रात्री ताई झोपली नसणार. दुसऱ्या दिवशी ती कारखान्यातून थेट माझ्या खोलीवर आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “सहलीला तू ये. माझं काहीही होऊ दे. तिच्या बोटांना विजेरी लागता कामा नये.” एवढेच तिला हवे होते. त्यानंतर तिने आणि मुलीने मिळून पिशवी भरण्याचा सराव चालू केला. भावोजी घरी नसताना ताई वस्तू लपवी आणि ठकी दोन बोटांवर पिशवी तोलून सांगे. मुलीला तो खेळ वाटे. ताईच्या कपाळावर घाम असे.

सहलीच्या सकाळी ठकीने दाराजवळच्या खुंटीवरून पिशवी काढली, तोलली आणि आईकडे पाहून मान हलवली. ताईनेही तोलून पाहिली. “भरलंय सगळं,” ती हलकेच म्हणाली. भावोजी बुटांच्या नाड्या बांधत होते. ते हसले. त्या हसण्याचा अर्थ तेव्हा आम्हा कोणालाच कळला नाही.

डोंगराविषयी मी फार लिहिणार नाही; माझे बूट नवे होते आणि डोंगराकडे पाहण्याइतकी उसंत टाचांनी मला दिली नाही. वर पोचता पोचता धुके उतरले. माणसे एकमेकांना सावल्यांसारखी दिसू लागली. कड्याच्या कडेने जाणारी अरुंद वाट होती, पायाखाली सुटे दगड. भावोजी सर्वांत पुढे, आणि आमच्याकडे तोंड करून उलटे चालत होते. संघात त्यांच्या या उलट्या चालण्याची ख्याती आहे. म्हणे त्यामुळे रांगेवर नजर राहते. ते मोठ्याने सांगत होते की पुढच्या सपाटीवर जेवण होईल आणि जेवणाआधी सगळ्यांना एक गंमत बघायला मिळेल. “आमच्या कन्येची परीक्षा आहे आज,” ते म्हणाले. “हसू नका कोणी. चुकली तर मात्र—”

वाक्य तेथेच राहिले. दगड सरकल्याचा आवाज आला, मग कापडाच्या ठाणाने जिन्यावरून गडगडावे तसा आवाज, मग एक किंकाळी. माझा विश्वास बसला नाही की ती त्यांची आहे.

ते फार खोल गेले नव्हते. खाली एक खडकाची पायरी होती, तिच्यावर ते पडले होते. डोक्याची कातडी कपाळापासून मागे सोलली गेली होती आणि रक्त डोळ्यांच्या खाचांत साचले होते. उजव्या नडगीचे हाड विजारीतून बाहेर आले होते. ते पांढरे नसते. त्याला एक ओली, पिवळट झाक असते. अध्यक्षांनी वरून एकदा डोकावले आणि मागे सरून बसले. मग भान येऊन त्यांनी, मदत आणण्यासाठी सगळ्यांना घेऊन खाली उतरण्याचे ठरवले. ताईने ठकीच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

“तू यांच्याबरोबर जा.”

“आई, बाबा मरतील?”

“नाही. जा तू. हात धरून चाल.”

आम्ही दोघे संघातल्या एकाचा दोर धरून त्या पायरीवर उतरलो. पुढचे जे झाले, त्याचा क्रम मी मुद्दाम नोंदवतो, कारण संघाने नेमका क्रमच उलटा करून सांगितला आहे. ताईने आधी गुडघ्याच्या वर दोरी आवळून रक्त थांबवले. मग जखमेवर जंतुनाशक ओतले. भावोजींनी जी आरोळी ठोकली ती मी या जन्मात विसरणार नाही, आणि त्यांनी जी शिवी दिली तीही. ती ताईला होती. तिने लाकडी पट्ट्या पायाच्या दोन्ही बाजूंना लावून बांधल्या, डोक्याची कातडी जागेवर ओढून पट्टी गुंडाळली, चकचकीत चादर त्यांच्या अंगाभोवती खोचली. हे सारे तिने पिशवीत एकदाही न पाहता केले. हात आत जाई आणि हवे तेच घेऊन बाहेर येई. मला तिने भावोजींच्या गळ्यातली शिट्टी काढून दिली आणि ती वाजवत राहायला सांगितले, म्हणजे मदतीच्या माणसांना धुक्यात आमची जागा कळेल. तुटक्या दातातून वारा निसटे, त्यामुळे शिट्टीचा आवाज निम्माच निघे. हे मी तेव्हाही भावोजींना ऐकवले.

“गोळी दे,” भावोजी कण्हत म्हणाले. त्यांचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. “गोळी दे आधी...”

ताईचा हात तिसऱ्या कप्प्यात गेला आणि तसाच थांबला. मग तो बाहेर आला. मुठीत एक पांढरा, गुळगुळीत गोटा होता.

तो दगड मी ओळखला. त्यांच्या खिडकीतल्या कुंडीत असे गोटे आहेत. ठकीने लहानपणी गोळा केलेले. ताई तो तळहातावर तोलत बसली. वजन अगदी बरोबर होते. वजनाच्या बाबतीत भावोजी कधीच चुकत नसत.

“अहो,” ती म्हणाली, “डबीच्या जागी हा काय आहे?”

भावोजी कण्हायचे थांबले.

“डबी कुठे आहे?”

“घरी.” ते पुटपुटले. “माझ्या... टेबलाच्या खणात.”

“का?”

“नुसत्या वजनावर जायला शिकली असती पोरगी. तूच शिकवलंस ना तिला? मला काय कळत नाही? जेवणाच्या वेळी... सगळ्यांसमोर उघडली असती, म्हणजे जन्माची अद्दल...”

“सगळ्यांसमोर मारणार होता तुम्ही तिला.”

“मारणार नव्हतो गं. शिकवणार होतो. आई गं... पाणी दे. पाणी तरी दे.”

ताई उठली. गोटा तिने ओटीत टाकला. मग ती त्यांच्या छातीशी गुडघे टेकून बसली, पिशवी त्यांच्या पोटावर ठेवली आणि त्यांचा धड असलेला उजवा हात उचलून पिशवीच्या तोंडाशी आणला. त्यापुढे ती त्यांच्याशी ज्या तऱ्हेने बोलली, तशी बोललेली मी तिला लग्नानंतर कधी ऐकली नव्हती. आळीतल्या भांडणांत ऐकली होती.

“डोळे मिटलेलेच आहेत तुझे. घाल हात. पाणी.”

“काय करतेस तू?”

“पाचवा कप्पा. चौकोनी गाठ. घाल.”

त्यांनी हात घातला. बोटे चाचपडली. हाताला मेणबत्ती लागली. ताईने त्यांच्या थोबाडीत मारली. आवाज कड्यावर आपटून परत आला.

“ही मेणबत्ती. परत.”

“अगं, मी मरतोय इथे—”

“मरत नाहीस. रक्त थांबलंय, मी थांबवलंय. परत घाल.”

दुसऱ्या वेळी कापूस निघाला. तिने पुन्हा मारले, या वेळी दुसऱ्या गालावर. त्यांची दाढी रक्ताने चिकटली होती. तिचा तळवा लाल झाला. भावोजी रडू लागले. वजनमापांचे निरीक्षक, संघाचे कप्तान, लहान मुलासारखे हुंदके देत होते आणि त्यांची बोटे पिशवीत गाठी शोधत होती. मला कोणी विचारले की तू मध्ये का पडला नाहीस, तर माझे उत्तर असे की मला शिट्टी वाजवायला सांगितले होते आणि मी ती वाजवत होतो. शेवटी बाटली त्यांच्या हाती लागली. ताईने लगेच त्यांचे डोके मांडीवर घेतले आणि घोट घोट पाणी पाजले. मी ही हकिकत सांगितल्यावर, तिने पाणी अडवून ठेवले असा आरोप संघात झाला. तो खोटा आहे. प्रत्येक वेळी त्यांना जे लागले ते मिळाले. पुडी मिळाली, सुकी पट्टी मिळाली. फक्त ती त्यांना स्वतःच्या हाताने काढावी लागली. आणि चुकले की ती मारत होती, अगदी शिस्तीत, न रागावता. मधूनच बांधलेल्या पायाची बोटे चेपून ती ऊब आहे ना पाहत होती. थंडीने तिचे स्वतःचे दात वाजत होते.

उजेड कमी होता होता वरून माणसांचे आवाज आले. शिट्टी ऐकून ते आले होते, निम्म्या आवाजाची का होईना. सर्वांत आधी अध्यक्षांचे तोंड कड्यावरून खाली डोकावले, आणि त्यांनी पाहिली ती शेवटची थप्पड: काडेपेटी मागितल्यावर भावोजींच्या हाती साबण आला होता.

“वहिनी!” ते ओरडले. “अहो, जखमी माणूस आहे तो!”

“माहीत आहे,” ताई वर न पाहता म्हणाली. “मीच बांधलंय त्याला. दोर सोडा खाली.”

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितले की पाय वाचला तो वेळीच बांधल्यामुळे. संघाने दोन ठराव केले. पहिल्यात कप्तानांच्या धैर्याचे अभिनंदन होते. दुसऱ्यात जखमी सदस्याशी केलेल्या अशोभनीय वर्तनाबद्दल ताईला पुढील सर्व सहलींतून वगळले होते. मी सभेत उभा राहून गोट्याची हकिकत सांगितली. अध्यक्ष म्हणाले, घरगुती बाबी सभेत आणू नयेत. म्हणजे विजेरी घरगुती आणि थप्पड सार्वजनिक. हा न्याय मला अजून समजलेला नाही. भावोजींनी त्या दिवसाविषयी अवाक्षर काढले नाही, कोणापाशीच नाही. माझी समजूत होती की ते बरे व्हायची वाट पाहत आहेत. ताईचीही होती. ती म्हणाली, “पाय जुळू दे, मग कळेल.”

पाय जुळला. प्लॅस्टर निघाल्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी मुद्दाम तेथे जाऊन बसलो. जाण्यासारखे दात माझ्याकडे अजून बरेच होते. भावोजी आरामखुर्चीत होते, कुबडी बाजूला टेकलेली. जेवणे झाली होती. त्यांनी बराच वेळ दाराजवळच्या खुंटीकडे पाहिले आणि जुन्या आवाजात हाक मारली, “ठके, पिशवी आण.”

ठकीने आणली. तिचा हसरेपणा आता गेला होता. घरात काय चालते ते त्या सहलीनंतरच्या बोलण्यांतून तिला कळले होते. ताई स्वयंपाकघरातून ओले हात पुसत आली. तिने मुलीच्या हातून पिशवी घेतली, भावोजींच्या मांडीवर ठेवली आणि तोंडाची नाडी सैल केली. पांढरा गोटा तिने कुंडीत परत ठेवला नव्हता. खिडकीच्या फळीवर, त्यांच्या खुर्चीच्या समोर, तो ठेवलेला होता.

“आधी तुम्ही,” ती म्हणाली.

भावोजींनी हात उचलला. तो पिशवीच्या तोंडापर्यंत गेला. त्यांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. पुन्हा मिटले. त्यांचा गाल, ज्या बाजूला ताई उभी होती त्या बाजूचा, आपोआप खांद्यात ओढला गेला. मी त्यांना वीस वर्षे ओळखतो; त्यांच्या अंगाची ती हालचाल मी ताईच्या अंगावर हजारदा पाहिली होती. हात पिशवीत गेला नाही. ताई वाट पाहत उभी राहिली. शेवटी त्यांनी पिशवी मांडीवरून खाली सरकवली आणि म्हणाले, “राहू दे. पाय दुखतोय.”

ताई त्या घरातच राहते. ती का राहते हे मी तिला विचारले आहे, एकदा ओरडूनही. ती म्हणाली की घराचा निम्मा पैसा तिच्या शिवणीचा आहे आणि जायचेच असेल तर जाणारी ती नाही. भावोजी आता दुकानांतले तराजू तपासतात आणि घरी गप्प बसतात. मला तो माणूस सुधारल्यासारखा वाटत नाही. तो घाबरलेला आहे, आणि मला तेवढे पुरते. ती पिशवी ताईने कारखान्यात नेली, दाभणाने आतले कप्पे उसवले आणि मावशींना दिली. मावशी तिच्यात लोकरीचे गुंडे ठेवतात. “बाई, केवढ्या गाठी मारून ठेवल्या होत्यास गं,” त्या म्हणाल्या, “मासे पकडायचं जाळं म्हणायचं की पिशवी?”

गेल्या महिन्यात ठकीच्या शाळेची सहल टेकडीवर निघाली. मुलांनी आपापली अडीनडीची पिशवी आणायची होती. ठकी जमिनीवर बसून शाळेच्या जुन्या दप्तरात भरत होती आणि मी खुर्चीत बसून पाहत होतो. तिने आधी स्वेटर कोंबला, मग विजेरी, त्यावर पट्ट्या, मग गोष्टीचे पुस्तक, बिस्किटे, काडेपेटी कुठल्याशा मोज्यात, आणि सगळ्यांच्या वर एक पिकलेले केळे ठेवून ती दप्तराचे तोंड ओढू लागली.

ताई दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिले. तिचा उजवा हात कमरेपासून वर आला होता, बोटे ताठ. तो कशासाठी वर आला हे तिला त्याच क्षणी कळले असावे, कारण तिने तो दुसऱ्या हाताने मनगटापाशी धरला, दोन्ही हात काखांत घट्ट दाबून घेतले आणि तशीच उभी राहिली.

ठकीने मान वर केली. “काय गं?”

“केळं फुटेल,” ताई म्हणाली.

“फुटू दे की. मी तिथे पोचायच्या आधीच खाणार आहे.”

“पट्ट्या चिकट होतील.”

“होऊ देत.”

मग ताई खाली बसली, काखेतले हात काढले आणि दप्तराचे तोंड दोन्ही बाजूंनी ओढून धरले, म्हणजे मुलीला गाठ मारता यावी.